तुम्ही विचारलंत म्हणून: न आलेले अहवाल मोजता कसे?

"अहवालच आले नाहीत, तर आजचे रुग्ण सांगता कसे? आकडे मनानेच घालता का?" कोविडच्या काळात जिल्ह्याचे आकडे मी बघत होते, हे कळलं की लोक हेच विचारतात.

मनाने काही घालत नाही. आज ताप आलेला माणूस दोन-तीन दिवसांनी नमुना देतो, मग प्रयोगशाळा, मग पोर्टलवर नोंद. म्हणून लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनुसार आलेख काढला की त्याचं शेवटचं टोक साथ वाढत असतानाही खाली झुकलेलं दिसतं. किती दिवसांत किती नोंदी पोचतात हे आधीच्या नोंदी सांगतात. समजा तीन दिवसांत ४० टक्के पोचतात आणि हातात २०० आहेत, तर खरे ५०० च्या आसपास. अजून न आलेल्या दाव्यांसाठी विमा कंपन्या असाच हिशेब करतात. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांसाठीही तो केला गेला.

एप्रिल २०२१. राज्यात रोज साठ हजारांवर नोंदी होत होत्या. आमच्या बैठकीत पडद्यावर आलेख होता आणि शेवटचे पाच दिवस उतार. "साथीचा पीक येऊन गेला," कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत सगळ्यांचे खांदे सैल झाले. मी म्हणाले, हा उतार खरा नाही. नमुने साचलेत, दोन दिवसांचा अहवाल आता पाच-सहा दिवसांवर गेलाय. गेल्या आठवड्याचाच विलंब धरून मी अंदाज काढला होता, त्याचा पट्टा, म्हणजे कमीत कमी इतके ते जास्तीत जास्त इतके, वर चढत होता.

"मॅडम, एक आकडा सांगा."

"एक नाही सांगता येणार, सर. पट्टाच आहे."

"मग तो टिपणात कशाला?"

टिपणातली ती अंदाजाची ओळ काढली गेली. ऑक्सिजनची मागणी पडद्यावरच्या आकड्यांवर गेली. त्या रात्री आमच्या कार्यालयातल्या शिपाईकाकांच्या मुलासाठी मी खाट शोधत फोन करत होते. त्याचा ताप त्याच पाच दिवसांतला, अहवाल यायचा होता. बैठकीतल्या आलेखात तो नव्हता. पुढच्या आठवड्यात ते पाचही खांब भरले आणि उतार नाहीसा झाला.

हेही सांगते, विलंबच रोज बदलू लागला की आमचा हिशेब डळमळतो. ज्याची तपासणीच झाली नाही, तो कुठल्याच पट्ट्यात येत नाही. १६ जून २०२० ला राज्याने आधीचे १,३२८ मृत्यू एकदम नोंदीत धरले. असं काही येणार, हे आदल्या आठवड्याच्या विलंबावरून कुणालाच सांगता आलं नसतं. तरीही शेवटचे कच्चे दिवस तसेच दाखवणं हाही एक अंदाजच आहे, आणि तो नेहमी कमीच सांगतो. तो कुणी का विचारत नाही?

एकच आकडा देणं अप्रामाणिक, असं तेव्हा मी ठामपणे मानायची. आता स्वतःलाच विचारते, मधला आकडा दिला असता तर ओळ राहिली असती ना? आणि तेव्हाची मी उलट विचारते, तो चुकला असता तर पुढच्या बैठकीत तुला कुणी बसू दिलं असतं? तिला माझ्याकडे उत्तर नाही, मात्र तिचं म्हणणंही मला पटलेलं नाही.