चाळिशी लागल्यावर बाहुल्या रंगवायला घेतल्या त्याची गोष्ट

आधी सुरुवात कशी झाली ते सांगतो, नाहीतर ४२व्या वर्षी हा माणूस बोटाएवढ्या बाहुल्या कशाला रंगवत बसलाय असं वाटेल (वाटतंच, आमच्या घरात सगळ्यांना वाटतं). ऑफिसमधला एक मित्र दोन वर्षं नॉटिंगहॅमला ऑनसाइट होता. नॉटिंगहॅम म्हणजे या नादाची पंढरीच, वॉरहॅमर नावाचा या बाहुल्यांचा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय तिथे आहे, त्यामुळे तो तिथे जाऊन बिघडला आणि परत येताना मला बिघडवायला लेव्हायथन नावाचा २०२३ साली आलेला भलामोठा खोका घेऊन आला. आत ७२ पुतळे. २५ निळे चिलखतवाले सैनिक, म्हणजे स्पेस मरीन, आणि ४७ टिरॅनिड, म्हणजे किड्यांसारखे दिसणारे परग्रहावरचे राक्षस. अर्थात निळे वगैरे खोक्यावरच्या चित्रात, आत निघतं ते सगळं राखाडी प्लास्टिक, चौकटींना चिकटलेलं, ते आपणच कापायचं, जोडायचं आणि मग रंगवायचं.

खेळ म्हणाल तर टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपने इंच मोजून पुढे सरकवायची आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. मी आजपर्यंत तीन गेम खेळलोय आणि तिन्ही हरलोय. रंगवण्याचं मात्र जे लागलं ते लागलं. त्याचं मूळ बहुतेक किल्ल्यात आहे, लहानपणी दिवाळीत कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचो त्यातले अर्धे रंग उडालेले असायचे, ते मी वॉटरकलरने परत रंगवायचो आणि मग दहिवर पडलं की सगळ्यांच्या मिशा गळ्यापर्यंत ओघळायच्या. आईने हा खोका बघितला तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच, "अरे, हे कुठले मावळे?"

तर पहिली चूक. कंजूषपणा. या पुतळ्यांसाठीच्या खास रंगांची १२ मिलीची एक डबी मला साधारण चारशे रुपयांना पडत होती आणि असे कमीत कमी आठदहा रंग लागतात, म्हटलं अ‍ॅक्रेलिक ते अ‍ॅक्रेलिक, अप्पा बळवंत चौकात जाऊन शाळेच्या प्रोजेक्टवाले रंग आणि पाच ब्रशचं पाकीट घेऊन आलो. प्रायमर म्हणून (प्लास्टिकवर रंग नीट धरावा म्हणून आधी मारायचा थर) बोहरी आळीतून गाडीला मारतात तो काळा स्प्रे आणला आणि गच्चीवर जाऊन पहिल्या पाच जणांवर मस्त जवळून फवारला. स्प्रे चार बोटांवरून नाही, फूटभर लांबून आणि झरझर मारायचा असतो हे नंतर कळलं. चिलखतावरच्या सगळ्या बारीक रेघा, खिळे, पट्टे बुजून गेले, त्यावर मी बाटलीतून काढला तसा घट्ट निळा रंग चोपडला, आणि जे तयार झालं ते स्पेस मरीन नव्हते, निळ्या पाकात बुडवून काढलेले गुलाबजाम होते.

मित्राला फोटो पाठवला तर तो म्हणाला डेटॉलमध्ये टाक. मला वाटलं मस्करी करतोय. पण खरंच, इंग्लंडमधली ही मंडळी वर्षानुवर्षं ब्राऊन डेटॉलमध्ये पुतळे बुडवून रंग काढतात, रंग सुटतो आणि प्लास्टिकला काही होत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाच जण टाकले, वर डेटॉल ओतलं आणि बरणी बाल्कनीत ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासलं तर रंग सालीसारखा सुटून आला, मी खूश, आणि खुशीत नळ सोडला. इथे माती खाल्ली. डेटॉलमध्ये पाणी पडलं की ते दुधासारखं पांढरं होतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, पण त्यात सुटलेला रंग असेल तर त्याचा चिकट डिंक होतो आणि तो सगळीकडे बसतो, पुतळ्यावर, ब्रशवर, बेसिनवर. आधी डेटॉलमध्येच दोनदा खळबळून पुसून घ्यायचं असतं आणि मग साबण-पाणी. बेसिन साफ करायला मला पुतळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, घरभर दवाखान्याचा वास, आई आतून विचारतेय कुणाला लागलं, बायको काहीच बोलत नाहीये, जे जास्त वाईट.

मग मुकाट्याने नीट सामान घेतलं. स्प्रे विमानाने येत नाही, एरोसोल असल्यामुळे तो फक्त रस्त्याने पाठवतात आणि मग वाट बघत बसा, त्यामुळे ब्रशने लावायचा प्रायमर मागवला आणि एक चांगला सेबल, म्हणजे प्राण्याच्या केसांचा, ब्रश. ब्रशचं सांगून ठेवतो, लोकांना वाटतं बारीक काम म्हणजे सगळ्यात बारीक ब्रश, तसं नाहीये, झिरो झिरोच्या ब्रशवर रंगच इतका कमी राहतो की पुतळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. एक नंबरचा ब्रश, पण टोक सुईसारखं हवं. आणि रंग ब्रशच्या पत्र्यात शिरू द्यायचा नाही, शिरला की केस पसरतात आणि ब्रशचा केरसुणी व्हायचा प्रवास सुरू होतो.

सगळे सांगतात रंग पातळ करा, दोन पातळ थर द्या. बरोबर आहे, पण सांगणारे बसलेत इंग्लंडच्या थंडीत. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पंखा चालू ठेवून पातळ केलेला रंग प्लेटवर दोन मिनिटं टिकत नाही. यावर उपाय वेट पॅलेट, तो मी घरीच केला, मिठाईचा प्लास्टिकचा चपटा डबा, त्यात भांडी पुसायचा ओला स्पंज आणि वर स्वयंपाकघरातला बटर पेपर. खालून ओल येत राहते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा चालतो. पंखा मात्र बंद. मे महिन्यात पंखा बंद करून टेबल लॅम्पखाली बसलेला माणूस बघून मुलीने विचारलं, बाबा तू शिक्षा भोगतोयस का?

पाण्याचंही तसंच. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर असतो, आणि रंग पातळ करायला मी तेच पाणी घ्यायचो. वॉश म्हणून एक प्रकार असतो, पातळ गडद शाई म्हणा, ती अंगभर लावली की खाचाखोचांत जाऊन बसते आणि आपोआप सावली तयार होते, नल्न ऑइल नावाचा काळा वॉश तर इतका प्रसिद्ध आहे की त्याला लिक्विड टॅलेंट म्हणतात. माझं टॅलेंट वाळलं की त्यावर पांढरे डाग उमटायचे, पापडखार लागल्यासारखे. आठवडाभर मी वॉशला शिव्या घालत होतो. शेवटी गीझरच्या कॉइलवरचा क्षार बघून ट्यूब पेटली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि डाग बंद. पाच लिटरचा कॅन वर्षभर पुरतो.

मधले दोन-अडीच महिने मजेत गेले. रोज जेवणं झाली की तासभर. मॅक्रॅग ब्लू हा मूळ निळा, त्यावर वॉश, मग उंचवट्यांवर परत निळा, मग कडांवर फिक्कट निळ्याची केसाएवढी रेघ. ही कडेची रेघ मारताना ब्रशचं टोक नाही, त्याची कूस वापरायची असते, कडेवरून नुसती घासत न्यायची, हे हाताला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी एकटाच टेबलाशी हसत बसलो होतो. ऑफिसात दिवसभर जे काम करतो ते शेवटी कुठे जातं मला माहीत नसतं, इथे रात्री साडेअकराला एक खांदा पूर्ण झालेला असतो.

मग आले डोळे. हे पुतळे जेमतेम दीड इंचाचे, बहुतेकांना हेल्मेट असतं पण एक उघड्या डोक्याचा होता आणि त्याचा डोळा अर्धा मिलिमीटर असेल नसेल. पांढरा ठिपका दिला, काळा ठिपका दिला, लांब धरून बघितलं तर एक डोळा कात्रजला आणि एक कोथरूडला. परत केलं. परत केलं. सहाव्या वेळी त्वचेचा रंग इतक्यांदा लागला होता की चेहऱ्यावर देवीचे व्रण दिसायला लागले. तेव्हा लक्षात आलं की चूक हाताची नाहीये, मला दिसतच नाहीये, पुतळा नाकाजवळ आणला की धूसर आणि लांब नेला की बारीक. डोळे तपासायला गेलो तर त्या मॅडम हसून म्हणाल्या, चाळिशी लागलीय, सव्वाचा नंबर आहे. म्हणजे दुसऱ्याचे डोळे काढता काढता माझे डोळे गेले. आता चष्म्यावर डोक्याला पट्ट्याने बांधायचं भिंग लावतो, सोनारासारखं, आणि युक्ती अशी आहे की आधी डोळ्याची पूर्ण खाच काळी करायची, मग दोन्ही कोपऱ्यांना पांढऱ्याचा एकेक ठिपका, मध्ये उरतं ते बुबुळ. आणि हे सगळं चेहरा रंगवायच्या आधी, म्हणजे इकडेतिकडे गेलेलं त्वचेच्या रंगाखाली झाकता येतं. कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली, पुतळा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेला आणि श्वास बंद. कुणी बेल वाजवली तर गेलं.

आता खरं रडगाणं. जुलै. दहा मरीन पूर्ण झाले होते, माझ्या मते चांगले, हाताळून रंग जाऊ नये म्हणून मॅट वार्निश मारायचं राहिलं होतं आणि मित्र जाता जाता त्याचा उरलेला स्प्रे देऊन गेला होता. पाऊस दुपारपासून थांबला होता. मी म्हटलं थांबलाय ना, मग झालं. गच्चीवर गेलो, फूटभर लांबून, झरझर, सगळं नियमाने, आणि खाली आणून कपाटावर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर दहाच्या दहा जण पांढरे. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. चार महिन्यांचं काम.

पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही, इतकी साधी गोष्ट, पुण्यात जन्म जाऊनसुद्धा. स्प्रेमधलं द्रावण झपकन उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प तिथे धरतं आणि वार्निशचा थर बारीक खरखरीत होऊन वाळतो, तो प्रकाश विखुरतो म्हणून पांढरा दिसतो. फ्रॉस्टिंग म्हणतात याला. शास्त्र कळून त्या सकाळी काही उपयोग नव्हता, मी दहाही जणांना वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात टाकलं आणि खोका माळ्यावर.

तीन आठवडे हात लावला नाही. मग गणपतीची मखर काढायला माळ्यावर चढलो तेव्हा तो खोका परत हाताला लागला. मित्राने सांगितलं होतं की तेल लावून बघ, खाली रंग आहे तसाच आहे. ऑलिव्ह ऑइलचा एक थेंब ब्रशने एका खांद्यावर फिरवला आणि निळा परत आला. अक्षरशः डोळ्यांसमोर, पांढरं विरत गेलं आणि खालून माझी ती कडेची रेघ वर आली. खरखर तेलाने भरली जाते म्हणून हे होतं, पण तेल काही वाळत नाही, धूळ चिकटते, म्हणून बाकी नऊ जणांना ब्रशने ग्लॉस वार्निश लावलं, त्यानेही तेच होतं आणि कायमचं होतं, मग वरून मॅट, तेही ब्रशने. तेलवाल्याला आधी साबणाने आंघोळ घातली. नव्वद टक्के वाचले, काखेत थोडं पांढरं राहिलंय, ते मी धूळ म्हणून सांगतो.

किड्यांबद्दल फार सांगत नाही. त्यातले टर्मागंट नावाचे वीस एकसारखे आहेत आणि टिरॅनिडला सहा अवयव असतात, म्हणजे वीस गुणिले सहा, करा हिशोब. सात जणांच्या नख्या झाल्यावर मला या छंदाचा तिटकारा आला होता. शेवटी कॉन्ट्रास्ट रंग आणले, २०१९ मध्ये आलेत हे, एकाच थरात रंग आणि सावली दोन्ही होतं, फिक्कट प्रायमरवर स्केलेटन होर्ड फासला की हाडासारखा रंग तयार. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मुरडू देत, त्यांनी वीस टर्मागंट रंगवून दाखवावेत. अजून १९ किडे राखाडीच आहेत आणि तरी मी नवीन खोका शोधतोय, या आजाराला औषध नाही.

हो, तिसऱ्या गेमचं राहिलं. पूर्ण रंगवलेलं सैन्य उतरवलं तर शंभरपैकी १० पॉइंट त्याचेच मिळतात. मी ३१ वर हरलो.

गेल्या दिवाळीत मुलीने सोसायटीत किल्ला केला. हळीव पेरून झालं होतं, विहिरीला आरसा लावून झाला होता, आणि मी पुतळ्यांच्या पायाखाली जमीन करायला आणलेला हिरवा भुसा तिने परस्पर मैदानावर पसरला होता (चहाच्या गाळणीने चाळलेली माझी वाळूसुद्धा गेली). दोन मरीन दे म्हणाली, पहाऱ्याला. खूप खळखळ करून दोन दिले, तेलवाला आणि एक धडधाकट, महादरवाजाच्या दोन बाजूंना. त्यांच्या शेजारी नेहमीचे मातीचे मावळे, त्यातल्या एकाचे डोळे असे की एक बुरुजाकडे आणि एक पार्किंगकडे. माझ्याच्याने राहवेना. रात्री सगळे झोपल्यावर चष्मा, भिंग, एक नंबरचा ब्रश घेऊन खाली गेलो आणि त्याला उचलला तर मागून आवाज आला, मुलगी जागीच होती.

"त्याला नको रे बाबा, तो दोन्हीकडे लक्ष ठेवतोय."

ठेवला परत.