आमचा आकडा लहान का यायचा

ॲप रोज किती माणसं वापरतात, हे मोजून देणं हा आमचा धंदा. सुरुवात दोन माणसं आणि एका क्वेरीवर, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नावर झाली. भागीदार क्वेरी लिहायचा, मी ती सोशल नेटवर्किंग कंपन्यांच्या गळी उतरवायचो. प्रचंड डेटावर क्वेरी चालवणारं, फेसबुकात तयार झालेलं हाइव्ह हे सॉफ्टवेअर 2008 मध्ये सगळ्यांना खुलं झालं, म्हणून आमच्यासारख्या चिमुकल्यांना कोट्यवधी ओळींचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, चाळता आले. रात्री लावलेला मोजणीचा जॉब हमखास पहाटे बंद पडायचा. तेव्हाही भागीदार पहिल्या रिंगला फोन उचलायचा. पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते त्या प्रतिस्पर्ध्याबद्दल. आमच्या तीन मोठ्या ग्राहकांपैकी दोघांना त्याने वर्षभरात पळवलं. डॅशबोर्ड देखणा होता, मान्य. पण खरी करामत डीएयूत, म्हणजे रोजच्या सक्रिय वापरकर्त्यांच्या आकड्यात होती. आम्ही ॲप उघडून फीड बघणारा माणूसच त्या दिवसाचा सक्रिय धरायचो. याच्याकडे फोन खिशात असताना ॲपने परस्पर सर्व्हरला हाक दिली तरी माणूस सक्रिय! एकाची तीन खाती, तर माणसं तीन. त्याचा आकडा गुटगुटीत, आमचा हडकुळा, आणि मीटिंगमध्ये संशय आमच्यावर. निम्मी टीम गेली. भागीदारही गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला घर चालवायचं होतं.

एक ग्राहक तेवढा टिकला. तिथल्या प्रॉडक्ट हेड मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि विचारलं, “यातले सातव्या दिवशी परत किती आले?” आम्ही कच्च्या लॉगवरून कोहॉर्टचा तक्ता काढला, म्हणजे एकाच दिवशी मोजलेल्यांचा गट धरून त्यातले पुढे किती परत आले ते पाहिलं. त्या फुगीर यादीतल्या अनेकांनी ॲप एकदाही उघडलेलं नव्हतं.

जोडलेली खाती वेगवेगळी मोजल्यामुळे 2019 ते 2021 चे रोजच्या वापरकर्त्यांचे आकडे फुगले होते, हे ट्विटरने 2022 मध्ये स्वतःच कबूल केलं. ती बातमी मी मॅडमना लगेच पाठवली. कुणाला तरी दाखवायचीच होती.

नवीन मंडळींनो, चार्टचे रंग नंतर निवडा. ‘सक्रिय’ कोणाला म्हणायचं आणि दिवस कुठल्या टाइमझोनचा, हे आधी लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्या. आणि टीमचा बोनस नुसत्या डीएयूला बांधू देऊ नका. नोटिफिकेशनचा भडिमार करून तो आकडा कोणीही गाठतो, महिन्याभरात लोक ॲप काढून टाकतात.

गेलेल्या दोन ग्राहकांपैकी एक अलीकडे परत आला. पहिल्याच मीटिंगला म्हणाला, “तुमचा आकडा थोडा वाढवता येईल का?”

मी दर वाढवून दिला.