पाणी घालून बिघडवलेली भिंत

"भिंत सडतेय, लगेच या," असा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या साइटवर फॉल्स सीलिंगची मापं घेत होते. भिंत म्हणजे एका ऑफिसच्या रिसेप्शनमागची, मॉसने म्हणजे शेवाळासारख्या मऊ हिरव्या वनस्पतीने सजवलेली भिंत. मूळ काम माझं नव्हतं, पण इतर दुरुस्त्या माझ्याकडे होत्या, म्हणून गेले.

पाहते तर एकाच भिंतीला दोन उलट दुखणी. डावीकडचं मॉस इतकं कडक, की बोट लावताच कुरकुर वाजून हिरवा भुगा खाली पडत होता. उजवीकडे, खालच्या अंगाला, चिकट ओल आणि पांढऱ्या स्कर्टिंगवर हिरवे ओघळ. मॅनेजर वैतागून म्हणाले, "मॅडम, रोज पाणी मारतोय, तरी झाड मरतंय."

गोम तिथेच होती. झाड भिंतीवर येण्याआधीच मेलेलं असतं! अशा प्रिझर्व्ह्ड, म्हणजे प्रक्रिया करून टिकवलेल्या, मॉसमध्ये पेशींतल्या पाण्याची जागा ग्लिसरीनने घेतलेली असते आणि वरून रंग दिलेला असतो. म्हणून ते मऊ राहतं. त्याला ना पाणी लागतं, ना खत, ना ऊन. उलट थेट उन्हात रंग उडतो. या भिंतीवरचं फुगीर, गुच्छेदार 'रेनडिअर मॉस' तर मॉसही नव्हे. ते दगडफुलाच्या जातकुळीतलं, बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून झालेलं. युरोपच्या उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून येतं आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. ते भुगा होऊन झाडूने भरलं जाताना पाहून जीव हळहळला.

पण मेलेलं असलं तरी ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता त्याला मानवते. आर्द्रतामापक काढून डावीकडे धरला, तर आकडा तिशीच्याही खाली. वर पाहिलं, एसीचा झोत थेट त्याच पट्ट्यावर. उजवीकडे साफसफाईच्या मावशी रोज सकाळी प्रेमाने स्प्रे मारायच्या. हात पुरेल तिथपर्यंतच, म्हणून ओल खालीच. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. तो जास्त झाला, की रंगासकट बाहेर झरायला लागतो.

मावशींना पाणी थांबवायला सांगितलं. "मग मी हिचं करायचं तरी काय?" त्यांनी विचारलं. काहीच नाही, फार तर पिसांच्या झाडणीने हलकेच धूळ झटका, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

एसीवाल्याकडून पात्यांची दिशा बदलून घेतली आणि संध्याकाळी डावीकडे, भिंतीपासून जरा लांब, हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर लावला. सकाळी गेले तर कडक गुच्छ स्पंजासारखे दबत होते. तुटलेलं अर्थातच जुळलं नाही. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे जिवंतच आहे की!" त्यांना परत पहिल्यापासून समजावलं.

मग त्यांनी खरंखुरं, जिवंत मॉस लावायचा विषय काढला. मी साफ नाही म्हटलं. मॉसला खरी मुळं नसतात, ते पानांवाटेच पाणी घेतं. दिवसभर एसीत सुकणाऱ्या भिंतीवर ते निभणार नाही. हौसच असेल तर झाकणाच्या काचपात्रात लावा. आणि ही भिंत हवा शुद्ध करते असं कॅटलॉगात वाचलं असेल, तर तेही विसरा. मेलेली वनस्पती कसली हवा शुद्ध करणार? खोलीतला घुमणारा आवाज मात्र ती चांगला शोषते, आणि मी ती सुचवते ते त्यासाठीच.

ओघळलेला भाग काढावाच लागला. नव्या लॉटचा हिरवा रंग जुन्याशी तंतोतंत जुळेना. शेवटी मधल्या पट्ट्यातले थोडे जुने गुच्छ खाली आणले, नवे वर मिसळले आणि बिलात 'रंगात किंचित फरक राहील' असं लिहून मॅनेजरांची सही घेतली.