दोन दशम्यांचं अंतर

आमच्या आईला अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. तिचं माप शिदोरीचं. साधी पोळी म्हणजे सकाळी निघून रात्रीपर्यंत गाठायचं गाव. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दोन दिवस निघते, गूळपोळी आठवडाभर. त्यामुळे जानेवारीत धाकटी बहीण टोकियोला परत निघाली तेव्हा आईने विचारलं, "पोचायला किती वेळ ते नीट सांग. कणीक दुधात भिजवू की पाण्यात?"

"आठ तासांचं विमान आहे गं."

आईने भाच्याचा पृथ्वीगोल पुढ्यात ओढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईपासून टोकियोपर्यंत ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर वाट बरीच खालून जाते. गोलावर मात्र दोरा वर सरकून चीनमधल्या चेंगदूजवळून गेला. ६,७०० किलोमीटर, आणि तो वीतभरसुद्धा भरला नाही. "एवढंच?" आई म्हणाली आणि पाण्याचं भांडं उचललं.

पण विमान मुंबईचं. पुण्याहून टोकियोला थेट विमान नाही, लोहगावचा विमानतळ घरापासून कितीही जवळ असला तरी. रात्री आठच्या विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, घाटात काय होईल सांगता येत नाही म्हणून चार तास हाताशी, आणि आमच्या घराण्याच्या स्वभावाचा वर एक तास. म्हणजे कोथरूडहून दुपारी बाराला निघायचं. पहिल्या दीडशे किलोमीटरला आठ तास, पुढच्या ६,७०० ला आठ! आईने पाण्याचं भांडं ठेवून दिलं आणि दूध काढलं.

एरवी जातानाची वाट लांब वाटते, येतानाची जवळ. इथे उलटं आहे, आणि ते नुसतं वाटण्यातलं नाही. टोकियोहून मुंबईला यायला साडेनऊ-दहा तास लागतात. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ साली निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या जगाची समाईक भाषा म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत, साऱ्या जगाला कळावेत म्हणून! अर्थात जगात फारसे कुणी ते वाचले नाहीत. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिने तव्यावरची दशमी उलटली. "म्हणजे माहेरी यायलाच वारा आडवा," एवढंच म्हणाली आणि आणखी चार लाटल्या.

पहाटे चार-सव्वाचारला बहिणीचा फोन आला. तिकडे पावणेआठ झाले होते. आई जागीच होती. पोचलीस का वगैरे काही नाही.

"दशम्या पुरल्या का?"

"चार अजून आहेत," बहीण म्हणाली. "विमानात दोनच खाल्ल्या. बाकीच्या खंडाळ्यातच संपल्या, दोन तास अडकलो होतो. ड्रायव्हरकाकांनी तीन घेतल्या."