मेल उतरवून घेताना पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून: माझा अनुभव

नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळते. हंगामात रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांतल्या औषध-अंशाचा तपासणी अहवाल), इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), सगळं मेलवरच फिरतं, आणि इनव्हॉइसवर बँक खात्याचा नंबर असतो. कुणी एखाद्याच्या मेलबॉक्समध्ये शिरलं आणि नंबर बदललेलं इनव्हॉइस आमच्याच पत्त्यावरून युरोपातल्या खरेदीदाराला गेलं, तर कंटेनरचे पैसे भलत्याच खात्यात जातील आणि इकडे बागाईतदाराचं पेमेंट अडकेल. त्यामुळे पहिले कंटेनर भरायच्या आत मेलचे पासवर्ड उघड्यावरून जाणं बंद करायचंच, असं मी ठरवलं.

ऑफिसचे मालक नाना. त्यांचं म्हणणं साधं होतं, "ताई, मेल येतायत ना नीट? मग चालू सिस्टीमला हात कशाला लावायचा?" यावर बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. मी चाचणीसाठी एक खातं उघडलं, सर्व्हरवर टीसीपीडम्प हा वाहतूक टिपणारा प्रोग्रॅम लावून ११० नंबरच्या पोर्टवरची, म्हणजे मेल उतरवायच्या दारावरची, वाहतूक पकडली आणि त्या खात्याचे मेल उतरवले. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. पहिलीत 'यूजर' आणि खात्याचं नाव, दुसरीत 'पास' आणि पुढे अख्खा पासवर्ड, जसाच्या तसा. नानांनी तो स्वतः वाचला. "हे कुणालाही दिसतं?" ज्याच्या हातातून ट्रॅफिक जातं त्या प्रत्येकाला, मी म्हटलं. आमची मुलं पॅकहाउसच्या, हॉटेलच्या वायफायवर बसून मेल बघतात. नाना लगेच म्हणाले, "करून टाका."

सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या या पद्धतीला पीओपी३ म्हणतात; तिचा आज वापरात असलेला मसुदा १९९६ चा आहे. त्यात पासवर्ड लपवण्यासाठी एपॉप नावाची एक सोय होती, आणि आमच्या होस्टिंगवाल्यानं तीच सुचवली. मी नाही म्हटलं. एपॉप एमडी५ या जुन्या गणिती पद्धतीवर चालतं, ती कधीच कमकुवत ठरलीय. शिवाय त्यासाठी सर्व्हरला सगळे पासवर्ड मूळ रूपात ठेवावे लागतात, म्हणजे सर्व्हर फुटला की सगळंच गेलं. आणि पासवर्ड लपला तरी खालचा मेल उघडाच जातो, इनव्हॉइससकट. मला पूर्ण जोडणीच टीएलएसमध्ये, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी एन्क्रिप्टेड, हवी होती. मग आत पासवर्ड साधा गेला तरी चालतो, आणि सर्व्हरवर त्याचा फक्त हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड ज्यात दिसत नाही असा ठसा, ठेवता येतो.

टीएलएसचेही दोन प्रकार. एकात जोडणी उघडीच सुरू होते आणि मध्ये 'आता टीएलएस' असं ठरतं. वाटेत बसलेल्यानं ती सूचनाच गाळली आणि मेल प्रोग्रॅममध्ये 'उपलब्ध असल्यास' हा पर्याय निवडलेला असला, तर तो प्रोग्रॅम निमूटपणे उघड्यावरच पुढे जातो. दुसऱ्यात पहिल्या बाइटपासून टीएलएस: पीओपी३ साठी पोर्ट ९९५, आयमॅपसाठी (सर्व्हरवरच ठेवून मेल बघायची पद्धत) ९९३. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातही याच दुसऱ्या प्रकाराची शिफारस आहे. मी तोच घेतला. डव्हकॉट या आमच्या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये एसएसएल (टीएलएसचंच जुनं नाव) सक्तीचं केलं, किमान आवृत्ती टीएलएस १.२ ठेवली. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, फुकट, पण नव्वद दिवसांचं. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो, तरी डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो, म्हणून नूतनीकरणाला रीलोडची कमांड जोडून दिली.

खरं काम यापुढेच होतं. आधीच्या सर्टिफिकेटवर सर्व्हरचं नाव जुळत नव्हतं, त्यामुळे इशारा आला की 'होय' दाबायचं, ही सगळ्यांची वर्षानुवर्षांची सवय. एन्क्रिप्शन असून समोर आपलाच सर्व्हर आहे की नाही हे तपासलं नाही, तर चोराशी बंद दाराआड बोलल्यासारखं होतं. मी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळवलं आणि जतन केलेले अपवाद काढून टाकले. आता इशारा आला तर काही न दाबता मला फोन करायचा, एवढंच सांगितलं.

हिशेबाचं काम बघणाऱ्या काकांचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा, आणि त्यातला जुना आउटलुक टीएलएस १.० च्या पुढे जाईना. टीएलएस १.० आणि १.१ दोन्ही २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले आहेत. काका म्हणाले, "माझ्यापुरतं जुनं चालू ठेव ना, पोरी." पण बँकेचे सगळे मेल त्यांच्याकडेच येतात, तिथं सूट देणं मला पटेना. त्यांना नवं मशीन आलं. जुने मेल हलवायला मी शेजारी बसले, तेव्हा कुठे त्यांचा जीव शांत झाला.

ऑफिसचं एक जीमेल खातंही आहे, त्याचे मेल फेचमेल नावाचा प्रोग्रॅम आणतो. मे २०२२ च्या अखेरीपासून गुगल नुसत्या खात्याच्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेत नाही. तिथं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढला. तो पासवर्ड असलेली फेचमेलची फाइल सर्व्हरवर फक्त ज्या खात्याची आहे त्यालाच वाचता येईल अशी ठेवली, आणि सर्टिफिकेट तपासणी चालू असल्याची खात्री केली.

शेवटी लॉग बघत राहिले: जुन्या पोर्टवर अजून कोण येतंय? एका सुपरवायझरचा फोन आणि कोपऱ्यातला एक स्कॅनर सापडला. ते दुरुस्त करून ११० आणि आयमॅपचं उघडं पोर्ट १४३, दोन्ही फायरवॉलवरच बंद केले. नुसतं लॉगिन नाकारून भागत नाही, कारण आयमॅपमध्ये नाव आणि पासवर्ड एकाच ओळीत जातात. सर्व्हर नाही म्हणेपर्यंत पासवर्ड वाटेवर गेलेला असतो. इतकी वर्षं उघड्यावरून गेलेले पासवर्ड फुटलेलेच समजून सगळ्यांना नवे दिले, काकांपासून सुरुवात करून.