तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नोस्फेराटू’त घाबरण्यासारखं आहे तरी काय?

मी हा सिनेमा दाखवतो त्या प्रत्येक खेळानंतर कुणी ना कुणी हे विचारतंच. “सर, खरं सांगा, तुम्हाला भीती वाटते याची?” विचारणाऱ्याने हर्झॉगचा १९७९ चा रिमेक पाहिलेला असतो, एगर्सचा २०२४ चाही पाहिलेला असतो. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ चा मूळ मुका सिनेमा मी निव्वळ जुना म्हणून डोक्यावर घेतो, असं त्याच्या मनात असतं. इतकी वर्षं मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगतो.

हो, भीती वाटते. पण त्यातला रक्तपिपासू काउंट ऑरलॉक अंगावर येतो म्हणून नाही. दीड तासाच्या सिनेमात तो पडद्यावर असतो जेमतेम दहा मिनिटं. मला भीती वाटते ती त्याच्या दातांची, आणि तीही वेगळ्या कारणासाठी. पुढे आलेल्या रक्तपिपासूंना सुळे आहेत. मॅक्स श्रेक या नटाने उभ्या केलेल्या ऑरलॉकचे पुढचे दोन दात लांब आहेत, उंदरासारखे. माझी आजी, म्हणजे आईची आई, घाटावरची. तिच्या लहानपणी प्लेग यायचा. “उंदीर पडला” एवढे दोनच शब्द ती सांगायची, पुढचं तिला सांगावंच लागायचं नाही. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालायच्या, मागे राहिलेल्यांचं काय झालं ते विचारायचं नाही. सिनेमात खलाशी पेटी फोडतात आणि मातीतून उंदीर बाहेर पडतात, तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू येतो. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा परवानगी न घेता उचलला, ती ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. त्याच साली पुण्यात प्लेग होता आणि रँडचा वध झाला. हा निव्वळ योगायोग, मला कळतं. तरी तो डोक्यातून जात नाही.

तुमचं एक म्हणणं लगेच मान्य करतो. ऑरलॉकच्या किल्ल्याकडे नेणारी घोडागाडी जलद गतीत धावते तिथे लोक हसतात. हसू द्या. पण पुढच्याच क्षणी मुर्नाऊ निगेटिव्ह चित्र वापरतो, काळं रान पांढरं होतं, आणि तिथे हसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट जागांची. त्याच्या दोनच वर्षं आधी आलेल्या ‘डॉ. कॅलिगारी’ या जर्मन सिनेमातलं जग रंगवलेल्या पडद्यांचं, तिरक्या भिंतींचं होतं. मुर्नाऊने भूत खऱ्या गावात आणलं. विस्मारचे रस्ते, ल्यूबेकची मिठाची गोदामं, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. आज जाऊन हात लावता येईल अशा भिंती. त्या भिंतींच्या कडेने तो स्वतःची शवपेटी काखोटीला मारून चालतो. मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीत पाहिली ती काळी-पांढरी प्रत. तिच्यात तो भर उन्हात पेटी घेऊन चालल्यासारखा दिसायचा. मूळ प्रतीत रात्रीची दृश्यं निळ्या रंगात बुडवलेली होती. जीर्णोद्धारात तो निळा रंग परत आला आणि ती रात्र आहे हे सगळ्यांना कळलं. मुर्नाऊला हवं होतं तेच हे. मला मात्र अजूनही ते ऊनच हवं असतं. त्या काळी मी सोसायटीच्या टिपणात लिहिलं होतं की ही प्रकाश-सावलीची कविता आहे, हिला भयपट म्हणणं अन्याय आहे. त्या पोराला आज विचारावंसं वाटतं, भयपट म्हटलं तर काय कमी होतं रे? तो म्हणेल, लोक ऐकून घेत नाहीत. तेही खोटं नाही.

आता जे आजवर टाळलं ते.

२०२० चा मे महिना. मुंबईत एका खोलीत तिघं, खालच्या मजल्यावर दोघं दगावलेले. ई-पास काढला आणि मी, बायको, मुलगा कोकणात गावाकडे निघालो. जिल्ह्याच्या हद्दीवर कपाळाला ते यंत्र लावलं, हातावर शिक्का मारला. वाडीच्या तोंडाशी पोचलो तर वाटेवर बांबू आडवा बांधलेला. पलीकडे काका, नाकातोंडाला पंचा गुंडाळलेला. दर गणपतीत आम्हाला न्यायला एसटी स्टँडवर येणारा हाच माणूस.

“थंयच रव रे. फुडे येव नको.”

एवढंच बोलले. मग हाताने शाळेकडे दाखवलं. चौथीच्या वर्गात आमचं विलगीकरण झालं. बाकं एका बाजूला सारून चटया टाकल्या, डोक्यावर पाढ्यांचा तक्ता. काकी भाकरी-आमटीचा डबा आणून गडग्यावर ठेवायची आणि आंब्याखाली जाऊन उभी राहायची. आम्ही डबा उचलला की वळायची. रिकामा डबा मी धुऊन गडग्यावर ठेवला, तर लांबूनच हात हलवून म्हणाली, तो तुमच्याकडेच असू दे. दोनतीन दिवसांत वर्गाच्या खिडकीत डबे साठले. बायको ते रोज घासून पालथे घालायची, कुणी नेणार नाही हे माहीत असूनही. वाटेवरून जाणारी पोरं आमच्यासमोर आली की सदरा नाकावर ओढून पळत सुटायची. संध्याकाळी रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगत फिरायचे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांशी कोणीही संपर्क ठेवू नये.

त्या भोंग्यामुळे मला तो प्रसंग आठवला. सिनेमातल्या व्हिसबोर्ग गावात, जिथे ऑरलॉक जहाजाने प्लेग घेऊन येतो, ढोल वाजवत एक माणूस येतो आणि दवंडी देतो, की प्लेगच्या संशयितांना इस्पितळात नेऊ नये, रोग रस्तोरस्ती पसरेल. खिडक्यांतून माणसं ऐकतात, मग खिडक्या बंद होतात. रात्री मुलगा झोपल्यावर मी फोनवर सिनेमा लावला. आवाजाची गरजच नव्हती. इतकी वर्षं मी तो ऑरलॉकच्या किल्ल्यात जाणाऱ्या हुटरच्या पाठीमागून पाहिला होता, त्याच्या बायकोच्या, एलेनच्या खिडकीतून पाहिला होता, जिथून तिला रस्त्यावरून ओळीने नेल्या जाणाऱ्या शवपेट्या दिसतात. त्या रात्री खलाशी मेलेलं ते जहाज बंदरात हळूहळू शिरलं आणि मी किनाऱ्यावर नव्हतोच. मी जहाजात होतो. येणारा मी होतो.

काकांचं चुकलं का? त्यांना दमा होता, सत्तरी जवळ आलेली, ऑक्सिजन मिळेल असं इस्पितळ दोन तासांवर. त्यांच्या जागी मी तोच बांबू बांधला असता. हे मी मनापासून म्हणतो. पण पंचाच्या वरचे ते डोळे मी पाहिले, आणि भीती बघता बघता माणसाचा उंदीर कशी करते ते तिथे कळलं.

म्हणूनच हल्ली तरुण मंडळी जे म्हणतात ते मला झटकता येत नाही. ते म्हणतात, ऑरलॉकचं बाकदार नाक, पूर्वेकडून येणं, घर विकत घेणं, मागोमाग उंदीर आणि रोगराई. हे त्या काळच्या जर्मनीतलं ज्यूंचं व्यंगचित्रच आहे. पूर्वी मी चिडायचो. नॉकची, म्हणजे ऑरलॉकला गावात घर मिळवून देणाऱ्या वेडसर दलालाची, भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख स्वतः ज्यू होता, हिटलर आल्यावर त्याला १९३३ मध्ये देश सोडावा लागला, हे पुढे करायचो. अजूनही करतो. पण १९४० मध्ये नाझींनी ज्यूंच्या शेजारी उंदरांच्या झुंडी दाखवणारा प्रचारपट काढला, तेव्हा ती प्रतिमा त्यांना नव्याने शोधावी लागली नव्हती. मुर्नाऊच्या मनात काय होतं याने तिचं काम थांबत नाही.

तरी मी हा सिनेमा सोडणार नाही, आणि तो जपायला हवा हेही सांगत राहणार. स्टोकरच्या विधवेने खटला भरला, १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून हुकूम दिला, निर्माती कंपनी त्याआधीच बुडालेली. इथेतिथे गेलेल्या प्रतींमुळे तो वाचला. आपल्याकडे बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट कोणत्याही कोर्टाने हुकूम न देता कायमचा हरवला. उन्हाने रक्तपिपासू मरतो ही कल्पनाही याच सिनेमाची. कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या फिरतो. कोंबडा आरवतो, पहिली किरणं येतात आणि ऑरलॉक विरून जातो, हे कोकणातल्या माणसाला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

आणि त्यात बुजगावण्याचा प्रसंग आहे. गावात माणसं मरताहेत, कुणाला तरी धरायला हवं, म्हणून जमाव नॉकच्या मागे लागतो, दगड मारतो आणि शेवटी शेतातल्या बुजगावण्यावरच तुटून पडतो. माझं म्हणणं असं की ज्याला हा प्रसंग सुचला, त्याला आपण काय खेळतो आहोत याची जाणीव होती. माझा मुलगा, तोच शाळेतल्या चटईवरचा, आता कॉलेजात आहे. तो म्हणतो, “बाबा, पण गोष्टीत शेवटी रोग आणणारा बाहेरचाच निघतो ना? जमावाचा फक्त माणूस चुकला, संशय बरोबर होता.” यावर मी त्याला सांगतो की प्लेगच्या उंदरांना घरात घेणारी सही गावातल्याच दलालाने केली होती. तो म्हणतो, ही वकिली झाली. पुढच्या खेळाला तो येणार आहे. तुम्हीही या, आणि बुजगावणं फाटतं तेव्हा कुणाच्या बाजूने वाटतं ते मला सांगा.