तुम्ही विचारलंत म्हणून: कांद्याची निर्यात थांबवली तर बिघडतं कुठे?

नाशिकबाहेरचे लोक हमखास विचारतात: शहरात कांदा ६० रुपये किलो झाला म्हणून सरकारने चार महिने निर्यात थांबवली, तर शेतकऱ्याचं एवढं काय बिघडतं? चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायचा, भाव आला की विकायचा.

बिघडतं ते चाळीतच. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदाच टिकतो, आणि तोच ऑक्टोबरपर्यंत देशाला पुरवायचा असतो. मान नीट वाळवून, बेताच्या उंचीने भरला तरी घट येतेच. आधी वजन सुकतं, पावसाळी दमटपणात सड लागते, मग कोंब फुटतात. १०० क्विंटल भरल्यावर पाच महिन्यांनी ७० निघाले तर ठीक म्हणायचं. आता हिशेब धरा: मेमध्ये १२०० रुपये क्विंटलने न विकता ठेवलेला कांदा १७१४ ला गेला, तर नुसते मेमधले पैसे सुटतात. निवडणीची मजुरी, चाळीचा खर्च, व्याज धरलं की १९०० च्या पुढे भाव लागतो. बाजार २५०० झाला की ‘दुपटीहून जास्त’ अशी बातमी येते. सगळं वजा जाता हातात पडतात सहाशेही नाहीत.

नेमका तेव्हाच आदेश निघतो. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखाली परदेशात विकायचाच नाही), ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. ८०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला सुमारे ६६ रुपये. ही बंदीच, फक्त सभ्य भाषेतली. शुल्काचंही तसंच. परदेशी गिऱ्हाईक शुल्कासकट २८०० देणार असेल, तर निर्यातदाराकडे २००० उरतात. त्यातून भाडं, हमाली, पॅकिंग वजा करून लासलगाव-पिंपळगाव या नाशिकच्या कांदा बाजारांतल्या लिलावात बोली लागते. शुल्काचा बराचसा बोजा निफाड-चांदवडसारख्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यावरच येतो.

डिसेंबरची बंदी जास्त जाचक, कारण तेव्हा आवक लाल कांद्याची. तो टिकतच नाही, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो.

ग्राहकाला त्या महिन्यात स्वस्त मिळतो, हे खरं. पण भाव चढला की दार बंद होणार, हे एकदा कळलं की पुढच्या मेमध्ये चाळ भरायला कोण धजेल? सगळा माल उन्हाळ्यातच बाजारात येतो, तेव्हा भाव कोसळतात आणि दिवाळीआधी पुन्हा टंचाई. २०२३ मध्ये सरकारी राखीव साठ्याचं लक्ष्य ५ लाख टनांवर नेलं. तो कांदाही सडतोच, तोटा फक्त करदात्याच्या खात्यात जातो. शिवाय भाव वर गेला की तोच बाजारात ओततात, म्हणजे साठवणाऱ्याला दुसरा फटका.

“मग हमीभावही नको का?” नको. इथे निर्यात मोकळी ठेवा म्हणणारे आपल्यातलेच बरेच जण गप्प होतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती. भाव पडला की अनुदान आणि चढला की मोकळीक, हे तिच्यात बसत नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या लाल कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, जाहीर केले; सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद नसलेले कितीतरी अडकले. शहरातल्या गरिबाला मदत करायची तर त्याच्या खात्यात पैसे द्या. खर्च अर्थसंकल्पात दिसेल, एकट्या नाशिकच्या माथी बसणार नाही.

शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. मात्र १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्यातला बंदीचा अधिकार तसाच आहे, आणि रात्री निघालेली अधिसूचना सकाळच्या लिलावाआधी लागू होते.